मुंबईच्या पाण्यात डेक्रॉनचं शीड घ्यावं की लॅमिनेटचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीस फुटांची जुनी फायबरग्लासची स्लूप, म्हणजे एका डोलकाठीची शिडाची बोट, विकत घेतली आहे. ती गेटवेसमोर मूरिंगवर, म्हणजे तळाशी नांगरलेल्या बोयाला बांधून, उभी असते. शनिवार-रविवारी मांडवा, कधी काशीद-मुरूड, वर्षातून एकदा गोवा आणि जमल्यास क्लबच्या दोन-चार शर्यती. मेनसेल (डोलकाठीमागचं मुख्य शीड) आणि फर्लरवरचा, म्हणजे गुंडाळायच्या यंत्रणेवरचा, जेनोआ (पुढचं मोठं शीड), दोन्ही थकलेत. दोन कोटेशनं आली आहेत. एक क्रॉसकट डेक्रॉनचं, म्हणजे विणलेल्या पॉलिएस्टरचं; दुसरं ट्रायरेडियल लॅमिनेटचं, म्हणजे थर चिकटवून केलेल्या कापडाचं, आणि ते जवळपास दीडपट महाग. (क्रॉसकट, ट्रायरेडियल या पट्टे कापायच्या पद्धती, त्या पुढे सांगतो.) विक्रेता म्हणतो लॅमिनेट घ्या, आकार धरून ठेवतं. तुम्ही विचारताय, यात खरं किती?

डेक्रॉन घ्या. विक्रेता खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. शिडाला दोन आयुष्यं असतात. एक कापड फाटेपर्यंतचं, दुसरं आकार बिघडेपर्यंतचं. डेक्रॉनचं कापड वर्षानुवर्षं धडधाकट दिसतं, आकार मात्र त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो. लॅमिनेट आकार छान धरून ठेवतं आणि मग एक दिवस त्याचे थर सुटायला लागतात; तिथून पुढे त्याला ताडपत्रीइतकीही किंमत राहत नाही. मूरिंगवर उघड्यावर राहणाऱ्या बोटीवर, आपल्या उन्हात आणि आपल्या दमट हवेत, हा दिवस लवकर येतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी बहुतेक लॅमिनेट शिडं वाऱ्याने फाटलेली नसतात. ती बुरशीने काळी पडलेली आणि कोपऱ्यांपाशी पापुद्रे सुटलेली असतात.

हे का होतं ते नीट समजून घेतलंत, तर पुढची पंधरा-वीस वर्षं कुठल्याही विक्रेत्याशी बोलताना उपयोगी पडेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिडाच्या कापडाबद्दल बोलताना लोक आधी 'मजबूत आहे का' हे विचारतात. मजबुतीचा प्रश्न क्वचितच येतो. प्रश्न असतो ताणण्याचा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चढताना शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं. त्याला ठरावीक खोलीचं पोट लागतं आणि ते पोट ठरावीक जागी लागतं. मेनसेलमध्ये साधारण मधोमध किंवा किंचित पुढे, जेनोआत त्याहून पुढे. आता जोराचा हिशेब बघा. २० चौरस मीटरच्या मेनसेलवर १५ नॉट (ताशी १५ सागरी मैल) वाऱ्यात ढोबळमानाने ९०-१०० किलोंचा जोर येतो. वारा २५ नॉट झाला की तोच अडीचशेच्या वर जातो, कारण जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि हा झाला शिडाच्या पसाऱ्यावरचा एकूण जोर. मागच्या कडेला, म्हणजे लीचला, जो ताण बसतो तो याच्या कितीतरी पट असतो. पोट जितकं उथळ ठेवायचं तितका लीच ताठ ओढावा लागतो, आणि जितका ताठ ओढाल तितका त्यातला ताण वाढतो.

कापड या ताणाने लांबलं की पोट खोल होतं आणि मागे सरकतं. म्हणजे नेमका जेव्हा वारा वाढलाय आणि तुम्हाला सपाट शीड हवंय, तेव्हाच शीड फुगतं. बोट जास्त कलते, सुकाणू हाताला जड लागतं, आणि पुढे जायच्या ऐवजी बाजूला घसरते. बरेच मालक याचं खापर बोटीच्या डिझाइनवर फोडतात. 'ही बोट फार कलते हो' हे वाक्य ऐकलं की मी आधी मेनसेल किती जुनं आहे ते विचारतो.

आता विणीकडे येऊ. एखादा सुती रुमाल घ्या, काठाच्या दिशेने ओढा. फारसा ताणत नाही. तोच तिरका, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे ओढा, लगेच लांबतो. तिरक्या दिशेला एकही धागा नसतो, चौकोनाचा फक्त पतंग होतो. शिडाच्या कापडाची निम्मी कसोटी या तिरक्या ओढीत असते. दुसरी गोष्ट ताण्या-बाण्याची. भिवंडी-इचलकरंजीला मागावर काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही: दोन्ही धागे एकमेकांवरून खालून जातात, म्हणून प्रत्येक धागा थोडा नागमोडी असतो, आणि ओढ बसली की ती नागमोड आधी सरळ होते. धागा न ताणताही कापड लांबतं ते यामुळे. शिडासाठी विणताना बाणा जाड आणि जवळजवळ सरळ ठेवतात, नागमोड सगळी ताण्याच्या वाट्याला देतात. त्यामुळे हे कापड पन्ह्याच्या दिशेने, म्हणजे आडवं, सगळ्यात कमी ताणतं.

क्रॉसकट शिडाची रचना यातूनच आलेली आहे. पट्टे लीचला काटकोनात लावतात, म्हणजे बाणा लीचला समांतर येतो आणि सगळ्यात मोठा ताण सगळ्यात सरळ धाग्यावर पडतो. शिवण साधी, कापड वाया जात नाही, म्हणून स्वस्त. ट्रायरेडियलमध्ये तिन्ही कोपऱ्यांतून किरणांसारखे निमुळते पट्टे काढतात, कारण ताण कोपऱ्यांतून तसाच पसरतो. तिथे धाग्याची दिशा ताणाच्या दिशेशी जास्त चांगली जुळते. पण निमुळते पट्टे कापडाच्या लांबीत कापावे लागतात, म्हणजे तिथे ताणा सरळ हवा. नेहमीच्या विणलेल्या पॉलिएस्टरची अडचण तिथेच येते, म्हणून ट्रायरेडियल म्हटलं की बहुधा लॅमिनेट पुढे करतात. ताण्याच्या बाजूने ताठ राहील असं खास विणलेलं पॉलिएस्टरही मिळतं, पण ते बरंच महाग असतं.

जाता जाता जरा मागचं. १८५१ साली 'अमेरिका' नावाच्या, स्कूनर जातीच्या शिडाच्या बोटीने अटलांटिक ओलांडून इंग्लंडच्या वाइट बेटाभोवतीची शर्यत जिंकली. तिच्या यशात यंत्रमागावर घट्ट विणलेल्या सुती शिडांचा मोठा वाटा होता. ब्रिटिश यॉटवर तेव्हा जवसाच्या धाग्याची शिडं असायची, सैल आणि पोट सुटलेली. वीण मिटावी म्हणून खलाशी त्यांच्यावर पाणी मारायचे. पुढे जवळपास शंभर वर्षं यॉटवर सुताचं राज्य होतं. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा काढला. तोच इंग्लंडात टेरिलीन आणि अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीकडून डेक्रॉन या नावाने बाजारात आला. आपल्या आजोबांच्या टेरिलीनच्या शर्टाचा धागा आणि तुमच्या मेनसेलचा धागा एकच. पन्नासच्या दशकात या धाग्याने सुताला शिडांतून हद्दपार केलं. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेडच्या टेड हुड यांनी तर शिडाच्या कापडासाठी स्वतःचेच माग लावले आणि अरुंद पन्ह्याचं कापड विणलं, कारण पन्हा अरुंद असला की बाणा जास्त घट्ट ठोकता येतो.

यातली कळीची गोष्ट 'घट्ट' ही. पॉलिएस्टर गरम केलं की आकसतं. मागावरून उतरलेलं कापड धुऊन तापवतात, धागे आकसून एकमेकांत रुततात, मग त्याला मेलामाइनसारख्या रेझिनची पाजणी देतात आणि तापलेल्या रुळांतून दाबून काढतात. नवं शीड उलगडताना कागदासारखं कडकडतं ते त्या पाजणीमुळे. पाजणी तिरकी ओढ रोखते. पण शीड फडफडलं, चुरगळलं की ती भुगा होऊन निघून जाते, आणि मग उरते फक्त वीण. चांगल्या कापडात वीणच इतकी घट्ट असते की पाजणी गेल्यावरही ते उभं राहतं. स्वस्त कापडात ढिली वीण भरपूर पाजणीने झाकलेली असते. टेबलावर दोन्ही सारखीच कडक लागतात. एका हंगामानंतर मात्र हातात घेताच फरक कळतो.

हे पारखायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन्ही लॉफ्टकडून, म्हणजे शिडं शिवणाऱ्यांकडून, कापडाचा हातरुमालाएवढा नमुना मागवा; न देणाऱ्याचं नाव तिथेच खोडा. नमुना आधी तिरका ओढून बघा आणि हाताला किती 'देतो' ते लक्षात ठेवा. मग मुठीत घेऊन कचकचून चुरगाळा, दोन्ही हातांत धरून कपडे चोळतात तसा चोळा, पाच मिनिटं तरी. पांढरी भुकटी बोटांना लागेल, ती पाजणी. आता पुन्हा तिरका ओढा. आधीच्या आणि नंतरच्या ओढीत जितका कमी फरक, तितकं कापड चांगलं. उजेडासमोर धरा, धाग्यांच्या मध्ये टाचणीच्या टोकाएवढीही भोकं दिसली तर ते परत करा.

आता लॅमिनेट. कल्पना फार हुशारीची आहे: विणायचंच नाही. धागे सरळ अंथरायचे आणि पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मवर, बहुतेकांना मायलार या नावाने माहीत असलेल्या, चिकटवायचे. वीण नाही म्हणजे नागमोड नाही, आणि तिरकी ओढ फिल्म सांभाळते. क्रूझिंगच्या लॅमिनेटवर दोन्ही बाजूंनी पातळ विणलेलं कापड, टॅफेटा, चिकटवतात, म्हणजे फिल्मला ओरखडे पडत नाहीत. वजन कमी, आकार पक्का. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून शर्यतीच्या बोटी या वाटेने गेल्या आणि परत फिरल्या नाहीत.

त्यात धागा कुठला हा पुढचा प्रश्न. केव्लार १९६५ मध्ये ड्यूपाँटच्या स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलं. वजनागणिक पोलादाच्या पाचपट ताकद. पण उन्हात ते सोनेरीचं तपकिरी होतं, ताकद झपाट्याने जाते आणि घडीवर तुटतं. क्लोरीनचं तर त्याला वावडंच. डायनीमा किंवा स्पेक्ट्रा, म्हणजे पॉलिथिनचाच फार लांब साखळीचा प्रकार, पाण्याहून हलका, ऊन आणि घड्या दोन्ही सोसणारा. दोष एवढाच की सततच्या ताणाखाली तो हळूहळू लांबत राहतो आणि परत येत नाही. वेक्ट्रान लांबत नाही पण उन्हाला भितो. पीबीओ हा धागा फारच ताठ, आणि ऊन त्याचंही कट्टर शत्रू. तो मोठ्या बजेटच्या शर्यतवाल्यांचा खेळ. कार्बनला उन्हाचं काही नाही, ताणत जवळजवळ नाहीच, पण कडक घडी घातली की मोडतो आणि किंमत तुमच्या बोटीला शोभणारी नाही.

याच्याही पुढे एकसंध शिडं आहेत. नॉर्थ सेल्स या शिडं बनवणाऱ्या कंपनीने १९९० च्या दशकात थ्रीडीएल आणलं: शिडाच्या आकाराच्या भल्यामोठ्या साच्यावर फिल्म पसरायची, यंत्राने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सलग धागे घालायचे आणि तिथेच उष्णतेने पक्कं करायचं. पट्टे नाहीत, आकार देणाऱ्या शिवणी नाहीत. नंतरच्या थ्रीडीआयमध्ये फिल्मही काढून टाकली. केसापेक्षा बारीक तंतूंच्या पातळ पट्ट्या वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचून शीड घडवतात. फिल्म नाही म्हणजे पापुद्रे सुटायचं मोठं कारणच गेलं. या कंपनीचा मोठा कारखाना शेजारच्या श्रीलंकेत आहे, पण त्यामुळे आपल्याला ते स्वस्तात पडतं असं मुळीच नाही. तुमच्या पुढ्यात आलेलं कोटेशन या जातीचं नाही, ते पट्टे शिवलेल्या साध्या पॉलिएस्टर लॅमिनेटचं आहे. विक्रेत्यांच्या बोलण्यात या दोन्ही गोष्टी सहज मिसळतात, म्हणून सांगितलं.

लॅमिनेट मुंबईत कसं मरतं ते आता बघा. फिल्म आणि टॅफेटा यांच्यामध्ये दमटपणा शिरतो, तो वाळत नाही. तिथे बुरशी धरते. वरून ब्रश मारून ती निघत नाही, कारण ती वर नसतेच, दोन थरांच्या आत असते. फर्लरवर गुंडाळलेला जेनोआ तर आतून कित्येक दिवस ओला राहतो. त्यात दुपारच्या उन्हात गुंडाळी तापते, गोंद मऊ पडतो. मग क्लूच्या, म्हणजे शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याच्या, आसपास, जिथे सगळ्यात जास्त ताण असतो, तिथे बुडबुडे दिसायला लागतात. बोटाने दाबलं की खालचा थर सरकतो. याला दुरुस्ती नाही. ठिगळ लावलं तर ठिगळाच्या कडेने पुढचा थर सुटतो, आणि सुटलेल्या फिल्मवर शिवण घातली की सुईच्या भोकांच्या रांगेवरून ती टराटरा फाटत जाते. डेक्रॉन फाटलं तर हातसुई, मेण लावलेला दोरा आणि एक तुकडा घेऊन तुम्ही स्वतः मुरूडच्या खाडीत नांगर टाकून शिवू शकता. गोव्याला जाणाऱ्या माणसाला एवढं कारण पुरे.

'पण डेक्रॉन म्हणजे जुनाट' असं कुणी म्हणालं तर गोल्डन ग्लोब शर्यतीचं उदाहरण द्या. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा, आणि नियमच असे की केव्लार, कार्बन, स्पेक्ट्रा हे सगळं बाद. २०२२-२३ च्या शर्यतीत आपले निवृत्त नौदल अधिकारी अभिलाष टॉमी दुसरे आले. दक्षिण महासागराचे वारे झेलून जगाला फेरी मारता येते, तर मांडव्याला जायला अडचण येऊ नये.

तरी लॅमिनेटची बाजू एका ठिकाणी खरी आहे आणि ती लपवत नाही. हिवाळ्यात गोव्याला जाताना दुपारचा वायव्येचा वारा पाठीशी किंवा बाजूला असतो, तेव्हा शीड कसलंही असलं तरी बोट पळते. परत येताना दोनशेहून जास्त सागरी मैल तोच वारा नाकासमोर. तिथे सपाट, पोट जागेवर असलेलं शीड आणि फुगलेलं शीड यांत एका दिवसाचा फरक पडू शकतो. उत्तर मात्र लॅमिनेट हे नाही; चांगल्या विणीचं, योग्य वजनाचं डेक्रॉन आणि वेळेवर घेतलेला रीफ, म्हणजे वारा वाढला की शीड खालून आवरून लहान करणं, हे आहे. पैसे हात राखून खर्च करायचे नसतील तर मधला मार्ग आहे: डायमेन्शन-पॉलियंट या जर्मन कंपनीचं हायड्रानेट, म्हणजे पॉलिएस्टरच्या विणीत ठरावीक अंतरावर डायनीमाचे धागे विणलेलं कापड. फिल्म नाही, गोंद नाही, ट्रायरेडियल कापता येतं आणि फार टिकतं. किंमत तुमच्या लॅमिनेटच्या कोटेशनपेक्षाही वर जाईल. वर्षातून एकदाच गोवा असेल तर मी तो खर्च करणार नाही. क्लबच्या शर्यतींची चटक लागली, तर दोन वर्षांनी फक्त शर्यतीपुरता एक छोटा लॅमिनेट जिब, म्हणजे पुढचं लहान शीड, घ्या. शर्यतीच्या सकाळी चढवा, संध्याकाळी उतरवून घरी न्या. असं वापरलं तर लॅमिनेट आपल्याकडेही व्यवस्थित टिकतं.

स्पिनेकरचा, म्हणजे पाठीमागच्या वाऱ्यात लावायच्या मोठ्या फुगीर शिडाचा, प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पुढे येणारच. ते नायलॉनचं असतं, बहुधा पाऊण औंसाचं. नायलॉन भरपूर ताणतं आणि इथे तो गुणच आहे, कारण पाठीमागच्या वाऱ्यात शीड कोसळून पुन्हा भरलं की बसणारा हिसका ते पिऊन टाकतं. ऊन त्याला अजिबात सोसत नाही. काम झालं की पिशवीत.

आता ऑर्डरचं. कोटेशनमध्ये नुसतं 'डेक्रॉन, प्रीमियम' लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. कापड बनवणाऱ्या कंपनीचं नाव, कापडाचा क्रमांक आणि वजन लिहून मागा. वजनात एक गोम आहे. शिडाच्या कापडाचा औंस हा ३६ इंच लांब आणि साडेअठ्ठावीस इंच रुंद तुकड्याचा मोजतात, पूर्ण चौरस यार्डाचा नाही. म्हणून शिडवाल्यांचा १ औंस म्हणजे सुमारे ४३ ग्रॅम प्रति चौरस मीटर. तुमच्या बोटीच्या मेनसेलला साडेसहा ते सव्वासात औंस, म्हणजे २८० ते ३१० ग्रॅम, ठीक राहील. कुणी पाच औंसाचं सुचवलं तर ते हलक्या वाऱ्याच्या तळ्यासाठी आहे. नऊ औंसाचं सुचवलं तर सकाळच्या मंद मतलई वाऱ्यात ते भरणारच नाही. मेनसेल उंच आणि निमुळतं असतं, त्याला बाणा जास्त जाड असलेली वीण लागते. आडव्या पसरलेल्या जेनोआला समतोल विणीचं कापड लागतं. दोन्हींना एकच कापड लावलेलं दिसलं तर का, ते विचारा.

शिवण तिहेरी नागमोडी टाक्याची घ्या. आपल्याकडे कापडाच्या आधी दोरा मरतो. पॉलिएस्टरचा दोरा शिवणीवर वर उठून असतो, सगळं ऊन तो खातो. पीटीएफई या न कुजणाऱ्या धाग्याचा दोरा मिळतो, ऊन त्याचं काहीच करू शकत नाही. महाग आहे, पण निदान जेनोआच्या उन्हपट्टीसाठी तरी तोच मागा. उन्हपट्टी म्हणजे लीच आणि फूटच्या (खालच्या) कडेने लावलेली जाड कापडाची पट्टी. शीड गुंडाळल्यावर तीच बाहेर दिसते आणि आतल्या शिडाचं ऊन स्वतः झेलते. अॅक्रिलिकची, सनब्रेला जातीची पट्टी जड असते पण टिकते. उन्हापासून संरक्षण दिलेल्या हलक्या डेक्रॉनची पट्टी दिसायला सुबक, आकाराला कमी त्रास देणारी; माझ्या अनुभवात ती गेटवेसमोर दोन-तीन हंगामांत बदलावी लागते. मी अॅक्रिलिक घेईन. मेनसेलला दोन रीफ, आणि रीफच्या कोपऱ्यांना मुख्य क्लूइतकेच थर हवेत. पैसे वाचवायला लॉफ्टवाले हमखास तिथे एक-दोन थर कमी करतात, आणि नेमकं त्याच कोपऱ्यावर तुम्ही जोरदार वाऱ्यात भिस्त ठेवणार असता. जेनोआच्या पुढच्या कडेत फोमची पट्टी घालून घ्या, अर्धवट गुंडाळलेलं असताना पोट कमी होतं.

जुन्या शिडांबद्दल. दोन्ही फेकायच्या आधी दोन तपासण्या करा. अंगठ्याच्या नखाने उन्हातल्या बाजूची शिवण जोरात खरवडा. दोरा तुटून केसांसारखा उभा राहिला तर शिवण मेलेली आहे, पण कापड कदाचित जिवंत असेल. मग फक्त पुन्हा शिवून घ्या, नव्या शिडाच्या खर्चापुढे तो काहीच नाही. कापड मेलंय का ते बघायला सगळ्यात जास्त उन्हात राहिलेल्या कोपऱ्याजवळ जाड सुई टोचून बाजूला ओढा. कागदासारखं टरकन फाटलं तर शिवणीवर एक रुपयाही घालू नका. दुसरी तपासणी आकाराची. दहा-बारा नॉट वाऱ्यात, वाऱ्यावर चढताना, बूमच्या, म्हणजे मेनसेलच्या तळाच्या आडव्या दांड्याच्या, खाली मधोमध पाठीवर आडवे व्हा आणि मोबाइल सरळ वर धरून मेनसेलचा फोटो काढा. सर्वात खोल जागा पुढच्या कडेपासून निम्म्याच्या मागे गेलेली दिसली, हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) ताठ करूनही पुढे येत नसली, आणि लीचची कड आत वळलेली असली तर पोट ताणून गेलंय. थोडं मागे सरकलं असेल तर एखादी शिवण उघडून पट्टा कमी करता येतो, शीड दोन-तीन हंगाम आणखी चालतं. पाजणी पूर्ण गेली असेल तर कापून काही होत नाही. दोघांपैकी जे बरं असेल ते सुटं ठेवून द्या, गोव्याच्या फेरीत राखीव म्हणून लागतं.

नवं आल्यावर त्याला मारायचं नसेल तर फडफड टाळा. मांडव्याला जाताना वारा पडला की इंजिन लावून शीड तसंच फडकत ठेवणारे खूप आहेत. वीस मिनिटांच्या त्या फडफडीत पाजणी जितकी जाते तितकी भर वाऱ्यात दिवसभर चढूनही जात नाही. मूरिंगवर आलात की मेनसेलचा हॅलयार्ड आणि आउटहॉल, म्हणजे क्लू मागे ओढणारा दोर, सैल करा, बूमवर कव्हर घाला. हंगामात अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा. मीठ हवेतलं पाणी ओढून शीड कायम ओलसर ठेवतं आणि त्याचे खडे विणीत घासत राहतात. बंदरातली काजळी कपड्यांच्या सौम्य साबणाने जितकी निघेल तितकीच काढा. डेक्रॉनवरच्या बुरशीला पाणी मिसळलेलं ब्लीच चालतं, लगेच खळखळून धुतलं तर. नायलॉनला आणि केव्लारला ब्लीचचा थेंबही लावायचा नाही. वॉशिंग मशिनमध्ये कृपा करून घालू नका. आकाश निरभ्र असलं तरी दहा-पंधरा दिवस बोटीकडे फिरकणार नसाल तर जेनोआ उतरवून ठेवणं उत्तम. एवढं कुणी करत नाही हे मला माहीत आहे, तरी सांगतो.

मेअखेर दोन्ही शिडं बोटीवरून निघालीच पाहिजेत. धुऊन, सावलीत अगदी कोरडी करून, घड्या न घालता सैल गुंडाळून कोरड्या जागेत. शेडमध्ये जमिनीवर ठेवू नका, उंदीर. पावसाळाभर न हललेलं शीड म्हणजे त्यांना आयतं बाळंतघर, आणि ते गुंडाळी आडवी कुरतडतात, म्हणजे उलगडल्यावर एकाच भोकाची ओळच्या ओळ निघते. छताला दोराने टांगून ठेवा.

वेळेचंही बघा. शिडाचं चांगलं कापड बहुतेक बाहेरूनच येतं. रोल यायला, कस्टममधून सुटायला आणि शिवायला महिने जातात. सप्टेंबरात ऑर्डर दिलीत तर अर्धा हंगाम हातचा गेला. मापं मात्र बोट पाण्यात आणि डोलकाठी उभी असतानाच घ्यायची: मेनसेलची पुढची कड आणि बूमवरची लांबी, पुढच्या त्रिकोणाची उंची आणि पाया, फर्लरच्या खाचेची रुंदी, बॅकस्टेपर्यंतचं, म्हणजे डोलकाठीला मागून धरणाऱ्या तारेपर्यंतचं, अंतर. जुन्या शिडावरून माप काढून देऊ नका, ते ताणलेलं आहे. पावसाळ्यासाठी बोट वर ओढायची तारीख ठरली असेल, तर त्याच्या आदल्या आठवड्यात लॉफ्टच्या माणसाला बोटीवर बोलवा. तो येत नसेल आणि नुसतं बोटीचं मॉडेल विचारून शीड शिवणार असेल, तर दुसरं लॉफ्ट बघा.